गोणी, बाटली आणि नत्राचा ताळेबंद

सन २०२१ च्या खरीप हंगामाच्या तोंडावर आपल्या देशातील खतांच्या दुकानांत एक नवी बाटली येऊन दाखल झाली. आत अर्धा लिटर द्रव, वर ‘नॅनो युरिया’ असे नाव, किंमत २४० रुपये, आणि सोबत आश्वासन असे की, ही एक बाटली आणि पंचेचाळीस किलोची युरियाची एक गोणी यांचे काम सारखेच. गोणी पाठीवर वाहावी लागते, बाटली सदऱ्याच्या खिशात मावते. गोणीवर सरकारी तिजोरीतून मोठे अर्थसाहाय्य द्यावे लागते, बाटलीवर एक पैसाही नाही. गोणीतील निम्म्याहून अधिक माल हवेत आणि पाण्यात वाया जातो. बाटलीतील सगळाच पानांत जिरेल, असे सांगण्यात आले. जमीन, पाणी, तिजोरी आणि शेतकऱ्याची पाठ या चारींचे भले एकाच वेळी होणार असेल तर कोणाला नको आहे?

व्याख्यानमालेच्या श्रोतृवर्गात शेती करणारे थोडे असतात; पण भाकरी खाणारे सगळेच असतात. तेव्हा या बाटलीचा विचार शहरवासीयांनीही करावयास हरकत नाही. आम्हांला तो इतिहासाच्या अंगाने करावासा वाटतो. कारण, पिकाला नत्र कोठून आणि किती मिळते, या प्रश्नावर मनुष्यजात गेली पावणेदोनशे वर्षे झगडत आलेली आहे, आणि थोडक्यात पुष्कळ देणाऱ्या खताचे आश्वासन या काळात प्रथमच दिले गेलेले नाही.

नत्र म्हणजे नायट्रोजन. आपल्या भोवतालच्या हवेचे चार पंचमांश तेच आहे. गहू किंवा भात त्या समुद्रात गळ्यापर्यंत उभा असतो आणि तरी नत्रासाठी उपाशी राहू शकतो. कारण हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट मिठी मारून बसलेले असतात की, ती मिठी सोडविणे वनस्पतीच्या आवाक्यातले काम नव्हे. हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव मात्र ते करतात. आपल्या शेतकऱ्याला हे रसायन ठाऊक नव्हते, पण त्याचे फळ ठाऊक होते. कडधान्याचा बिवड चांगला असतो, हे तो जाणत होता. उन्हाळ्यात धनगराला दाणागोटा देऊन रानात मेंढ्या बसवीत होता. उकिरड्यातील शेणखत पावसाआधी शेतात पसरीत होता. सरकारने १८८९ साली विलायतेहून बोलाविलेल्या व्होल्कर नावाच्या रसायनज्ञाने देशभर हिंडून १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हिंदी शेतकऱ्याच्या कसबाविषयी आदरच व्यक्त केला आहे. त्याची तक्रार वेगळी होती: जळणासाठी लाकूड नसल्यामुळे शेण चुलीत जाते, आणि जे चुलीत गेले ते शेताला मुकले. म्हणजे त्यानेही प्रश्न जमाखर्चाचाच मांडला होता.

हा जमाखर्च प्रथम शास्त्रीय भाषेत मांडला तो युरोपात. गीसेन विद्यापीठाचा प्राध्यापक लीबिग हा त्या काळचा रसायनविद्येचा सार्वभौम राजा. १८४० साली त्याने शेतीच्या रसायनशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला त्याने जुन्या कल्पना मुळापासून हलविल्या. वनस्पती कुजलेल्या मातीचा कस शोषून जगतात असे तोवर मानीत. लीबिगने सांगितले की त्या साधे क्षार, पाणी आणि वायू यांवर जगतात, आणि पीक जे क्षार उचलून नेते ते जमिनीला परत दिले पाहिजेत. हे मूलतः खरे होते. पण नत्राच्या बाबतीत त्याने असे ठरवून टाकले की, पावसाबरोबर हवेतून जो अमोनिया खाली येतो तो पिकाला पुरेसा असतो; खतात नत्र घालण्याचे कारण नाही. इतकेच करून तो थांबला नाही. १८४५ मध्ये त्याने आपल्या खताचे पेटंट घेतले आणि लिव्हरपूलच्या मस्प्रॅट नावाच्या कारखानदाराने ते तयार केले. पावसाने खत वाहून जाऊ नये म्हणून त्यातील क्षार भट्टीत वितळवून एकजीव करण्यात आले होते. युक्ती सुंदर होती! फक्त, जे पावसात विरघळत नाही ते मुळांच्या ओलाव्यातही विरघळत नाही. खत शेतात दगडासारखे पडून राहिले आणि पीक जसे होते तसेच राहिले.

येथे इतिहासातील एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड नावाची एक जहागीर आहे. तिचा मालक लॉज याने १८४२ मध्ये हाडे व खनिज फॉस्फेट यांवर आम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट बनविण्याचे पेटंट घेतले होते, आणि १८४३ मध्ये त्याने गिल्बर्ट नावाच्या तरुण रसायनज्ञास नोकरीस ठेवले. हा गिल्बर्ट खुद्द लीबिगचा शिष्य, त्याच्याच हाताखाली पदवी घेतलेला. या दोघांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचे पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला नत्राशिवाय बाकी सगळे क्षार, आणि काही पट्ट्यांना त्याच क्षारांबरोबर अमोनियाचे कमीजास्त हप्ते. कापणी झाली की प्रत्येक पट्ट्याचा गहू वेगळा मोजावयाचा. नत्र वगळलेला पट्टा आणि काहीच न दिलेला पट्टा यांत फरक थोडा पडला. नत्राचे हप्ते जसे चढत गेले तसा गहूही चढत गेला. लीबिगने वर्षानुवर्षे वाद घातला, लेखणीचे फटकारेही पुष्कळ मारले. गुरूचा मोठेपणा एका बाजूला आणि शिष्याचा तराजू दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. खत न विरघळण्याबाबतची चूक लीबिगने पुढे मान्यही केली. ब्रॉडबाल्कवरचे ते पट्टे मात्र अजून चालू आहेत. १८४३ च्या हिवाळ्यापासून आजवर तेथे तोच प्रयोग होत आला आहे. जगात इतका दीर्घायुषी शेतीप्रयोग दुसरा नाही.

नत्र हवे हे ठरल्यावर ते आणावयाचे कोठून, हा प्रश्न आला. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळील चिंचा बेटांवर, जेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर शतकानुशतके साचले होते. ते ग्वानो खणण्यासाठी चिनी मजुरांना फसवून आणून गुलामांसारखे राबविले गेले, आणि तीसेक वर्षांत डोंगर संपले. मग चिलीच्या बाजूच्या वाळवंटातील सोऱ्याकडे नजर वळली. त्यासाठी १८७९ पासून चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध जुंपले आणि बोलिव्हियाने आपला समुद्रकिनारा कायमचा गमावला. १८९८ मध्ये सर विल्यम क्रूक्स यांनी ब्रिस्टल येथील भाषणात इशारा दिला की हा सोराही संपेल, आणि हवेतील नत्र बांधण्याची विद्या हस्तगत झाली नाही तर गहू खाणाऱ्या राष्ट्रांवर उपासमारीची पाळी येईल.

ती विद्या १९०९ मध्ये हाती आली. फ्रिट्झ हाबर याने प्रचंड दाब, मोठी उष्णता आणि योग्य उत्प्रेरक यांच्या साहाय्याने हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करून दाखविला. कार्ल बॉश याने त्याचा कारखाना केला, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तोच अमोनिया स्फोटकांकडे वळला. १९२१ मध्ये त्याच ओपाऊच्या कारखान्यात खताच्या ढिगाचा स्फोट होऊन पाचशेवर माणसे मेली. असो. आज जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या कृत्रिम नत्रावर उभे आहे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्या अमोनियापासून होणारे सर्वांत एकवटलेले घन खत म्हणजे युरिया. शंभर किलो युरियात शेहेचाळीस किलो नत्र असते.

आपल्याकडे बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले. सिंद्री येथे मोठा खत कारखाना उभा राहिला. १९५१ मध्ये तेथे अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले आणि १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे आले. हा गहू नत्र जास्त दिले तरी लोळत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. त्या बियाण्याने आणि खताने देशाला धान्य दिले, आणि परदेशी जहाजांच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचा अपमान संपविला. हे विसरून युरियाला नुसती नावे ठेवणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. युरिया मातीत पडला की काही दिवसांतच त्याचा अमोनिया होतो. त्यातील काही हवेत उडून जातो. उरलेल्याचे जीवाणू नायट्रेट करतात, ते पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. आणि पाणथळ जमिनीत त्यापासून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, जो वातावरण तापविण्याच्या कामी कर्बवायूपेक्षा सुमारे पावणेतीनशे पट समर्थ आहे. भाताच्या खाचरात टाकलेल्या नत्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग पिकाच्या अंगी लागतो. त्यात २०१० मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाश यांच्या किमती मोकळ्या सोडल्या, पण युरियाची बांधलेलीच ठेवली. साहजिकच शेतकऱ्याचा हात स्वस्त गोणीकडे अधिक जाऊ लागला. देशाला वर्षाकाठी सुमारे साडेतीनशे लाख टन युरिया लागतो. ही गळती थांबविण्याचा एक देशी उपाय दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत पूर्वीच अभ्यासला गेला होता: निंबोळीतील द्रव्ये नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा वेग मंदावतात. २०१५ पासून देशातील सगळ्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. या लेपाचा गाजावाजा बाटलीइतका कधी झाला नाही.

आता नॅनो म्हणजे काय ते पाहू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी अशी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास भरते. १९५९ मध्ये रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने अणुरेणूंच्या पातळीवर वस्तू घडविण्याची कल्पना एका व्याख्यानात मांडली. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द १९७४ मध्ये जपानच्या तानिगुची यांनी वापरात आणला. पदार्थाचे इतके बारीक कण केले की त्याचा पृष्ठभाग अतोनात वाढतो आणि त्याचे वागणेही बदलते. शेतीला याचा खरा उपयोग होऊ शकतो. श्रीलंकेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हायड्रॉक्सिॲपेटाइट हे आपल्या हाडांतील खनिज. त्याच्या नॅनोकणांना त्यांनी युरिया असा जोडला की तो पाण्यात एकदम न सुटता हळूहळू सुटावा. भातावरील चाचणीत नेहमीच्या निम्म्या युरियात पीक टिकून राहिल्याचे त्यांनी नोंदविले. येथे नत्र अदृश्य झालेले नाही. नत्र आहे, नॅनोकण त्याला फक्त लगाम घालतो. जस्त, लोह, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांची गोष्टही अशीच. एका हेक्टरमधील पिकाला जस्त लागते ते काही शे ग्रॅम. इतके थोडे द्रव्य पानांवाटे देता येते, आणि नाशिकचे द्राक्षबागाईतदार देठ तपासून अशा फवारण्या कितीतरी वर्षे करीत आले आहेत. तेथे कण जितका चांगला पोचेल तितका लाभ.

आता या माहितीनिशी त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीकडे वळू. तिच्यावर नत्राचे प्रमाण चार टक्के असे छापलेले होते. अर्ध्या लिटरचे चार टक्के म्हणजे वीस ग्रॅम. पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र असते वीस किलो सातशे ग्रॅम. म्हणजे गोणीत बाटलीच्या हजार पट नत्र. गोणीतला दोनतृतीयांश माल वाया गेला असे धरले, तरी सुमारे सात किलो पिकाला मिळतेच. आणि बाटलीतला थेंबन् थेंब पानात जिरला असे मानले, तरी वीस ग्रॅमचे एकवीस काही होत नाहीत. नत्रापासून वनस्पती प्रथिने बनविते. गव्हाच्या बाबतीत एक ग्रॅम नत्रापासून साधारण पावणेसहा ग्रॅम प्रथिन होते. तेव्हा वीस ग्रॅमांचे सव्वाशेच्या आत. गव्हात शेकडा अकरा-बारा प्रथिन असते. म्हणजे त्या बाटलीतील सगळे नत्र फक्त दाण्यातच उतरले, पाने, काड, मुळे यांना काही लागलेच नाही, तरी त्यातून किलोभर गहू निघेल. घरातील चार माणसांच्या एका दिवसाच्या पोळ्या! हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येण्यासारखा आहे, आणि आमच्या मते तो बाटली दुकानात येण्याआधी मोठ्या अक्षरांत छापावयास हवा होता.

शिवाय पानांवर युरिया फवारणे ही काही नवी गोष्ट नाही. साध्या युरियाचे दोन टक्क्यांचे द्रावण शेतकरी पूर्वीपासून फवारतो. एकराला दोनशे लिटर पाणी धरले तर त्यात चार किलो युरिया, म्हणजे एक किलो आठशे ग्रॅमांहून अधिक नत्र जाते. पाण्यात विरघळलेल्या युरियाचा रेणू तर बाटलीतल्या वीस ते पन्नास नॅनोमीटरच्या कणाहून कितीतरी लहान असतो. मग कण बारीक केल्याने नेमके काय साधले?

याचे उत्तर बाटली बनविणाऱ्या इफ्को या मोठ्या सहकारी संस्थेने दिले ते असे: हे नुसते नत्र पुरविणे नव्हे, कण पर्णरंध्रांतून आत जाऊन वनस्पतीची स्वतःची कार्यक्षमता वाढवितात, ९४ पिकांवर अकरा हजार शेतांत चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी आठ टक्क्यांनी वाढले. हे खरे असेल तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात नवे प्रकरण लिहावे लागेल, आणि असे प्रकरण कधीच लिहिले जाणार नाही असे आम्ही म्हणत नाही. हाबरच्या आधी हवेतून भाकरी काढण्याची कल्पनाही वेडगळच वाटली असती. पण हाबरने आपले यंत्र परक्या परीक्षकांसमोर चालवून दाखविले होते. येथे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली तीन वर्षांसाठी मान्यता दिली, काही महिन्यांत विक्री सुरू झाली, मे २०२२ मध्ये गुजरातेत कलोल येथील कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आणि स्वतंत्र परीक्षणाची चर्चा त्यानंतर रंगली. कोपनहेगन विद्यापीठातील फ्रँक आणि हुस्टेड या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे स्पष्ट म्हटले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे केलेल्या चाचण्यांत, नेहमीच्या नत्राच्या मानाने, नॅनो युरियाच्या पट्ट्यांत भाताचे उत्पादन १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी कमी आले. दाण्यातील नत्रही घटले. संस्थेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. पण शंभर क्विंटलमागे एकवीस क्विंटल गहू हा काही पंडितांच्या वादात विरून जाणारा आकडा नव्हे. ज्याने बाटलीवर विश्वास ठेवून गोणी घरी ठेवली, त्याच्या घरातला तो गहू आहे.

याच वर्षातील श्रीलंकेची कथा सर्वांस ठाऊक आहे, पण तिच्यातील बाटलीचा भाग सहसा सांगितला जात नाही. २०२१ च्या मे महिन्यात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यासरशी बंद केली. शेतकरी हवालदिल झाले, आणि ऑक्टोबरात भातपेरणीचा मोठा हंगाम समोर उभा ठाकला, तेव्हा भारतातून विमानाने नॅनो नत्राच्या बाटल्या मागविण्यात आल्या. नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली, पण तोवर वेळ गेली होती. त्या हंगामात भाताचे पीक फार मोठ्या प्रमाणावर घटले. घट बाटलीमुळे आली असे म्हणणे अन्यायाचे होईल; ती खत बंद केल्यामुळे आली. बाटली ती भरून काढू शकली नाही, एवढेच. आणि हलक्या हातानं खत सोडणारे लगामी युरियाचे संशोधन त्याच देशात चार वर्षांपूर्वी झाले होते, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते.

मूळ बाटली आता मागे पडली आहे. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ‘नॅनो युरिया प्लस’ या नावाने नवे प्रमाण जाहीर केले. त्यात आकारमानाच्या हिशेबाने नत्र वीस टक्के आहे. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत आता शंभर ग्रॅम नत्र येते, पहिल्याच्या पाचपट. एका गोणीचे नत्र भरून काढावयास अशा दोनशेहून अधिक बाटल्या लागतील. मधल्या काळात २०२३ पासून नॅनो डीएपीही बाजारात आले. तेथेही स्फुरदाचा हिशेब याच रीतीने करावयाचा आहे, आणि तो कठीण नाही.

ज्यांची शेती गावी आहे आणि वाट्याने लावलेली आहे असे पुष्कळ जण या सभागृहात असतील. त्यांनी येत्या रब्बीत गव्हाचे चार सारखे पट्टे पाडावेत. एकाला गावच्या शिफारशीप्रमाणे गोणीतला युरिया हप्त्यांनी द्यावा. दुसऱ्याला गोणी निम्मी करून बाटलीच्या दोन फवारण्या. तिसऱ्याला तितकीच निम्मी गोणी आणि साध्या युरियाच्या दोन टक्के द्रावणाच्या दोन फवारण्या. चौथ्याला निम्मी गोणी आणि नुसत्या पाण्याची फवारणी. मळणी वेगवेगळी करावी आणि प्रत्येक पट्ट्याचे पोते काट्यावर घालून आकडा वहीत लिहून ठेवावा. तिसरा आणि चौथा पट्टा सोडू नये. बाटलीचे श्रेय किती आणि नुसत्या फवारणीचे किती, हे त्यांच्यावाचून कळत नाही.